टाचण्यांची बाहुली

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. मधली सुट्टी संपली, घंटा झाली आणि मी नववीच्या वर्गावर इतिहासाचा तास घ्यायला गेलो. मधल्या सुट्टीनंतरचा वर्ग आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, हे माझ्या वीस वर्षांच्या मास्तरकीत कधी घडले नव्हते. टाचणीचे म्हणाल तर टाचण्या तिथे होत्याच. पण त्या पडलेल्या नव्हत्या, टोचलेल्या होत्या. माझ्या खुर्चीवर चिंध्यांची एक वीतभर बाहुली बसवून ठेवली होती. अंगात पांढरा सदरा, नाकावर तारेचा चष्मा आणि पोटाशी दोऱ्याने बांधलेला खडूचा तुकडा. बाहुली कोणाची, हे विचारायला नको. छातीत, पोटात आणि गुडघ्यांत मिळून दहा-बारा टाचण्या खुपसलेल्या. त्या दिवशी सकाळपासून माझा गुडघा दुखत होता हे खरे आहे; पण तो गेली चार वर्षे दुखतोच आहे.

सगळा वर्ग शेवटच्या बाकावरच्या एका मुलाकडे पाहत होता. त्याचे नाव इथे सांगत नाही. दसरा झाला की त्याचे आईबाप उसाच्या तोडीला निघतात ते चैत्राच्या सुमारास परततात. तोवर पोरगा आजीजवळ राहतो. आजी येरमाळ्याच्या येडाईची भक्तीण. तिच्या अंगात येते, हे गावात सर्वांना ठाऊक. "सर, त्याच्या आजीचंच काम असणार हे," असे कोणीतरी पुटपुटले. सांगायला लाज वाटते, पण माझीही नजर आधी त्याच बाकाकडे गेली होती.

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी दोघे पालक शाळेत येऊन, तो मुलगा आमच्या मुलांत बसायला नको, असे सांगून गेले. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो आम्ही मुलांना शिकवतो. त्यावर उत्तरपत्रिकेत सुरेख उत्तरेही येतात. त्याच दिवशी मुलाचा बाप शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटले तरी येईना. म्हणाला, "गुर्जी, आमच्या म्हातारीनं कधी कुणाचं वाईट मागितलं न्हाई." एवढेच बोलून तो कामावर गेला.

आठ दिवसांनी उलगडा झाला. बाहुली पहिल्या बाकावरच्या एका हुशार, खात्यापित्या घरच्या मुलाने केली होती. घटक चाचणीत मी त्याचे दोन गुण कापले होते. कल्पना त्याला वडिलांच्या मोबाइलवर पाहिलेल्या एका इंग्रजी भयपटावरून सुचली. तो चित्रपट मीही मग पाहिला. एका अमेरिकन गावातले जुन्या वस्तूंचे दुकान, त्यात आफ्रिकेतून आलेला एक लाकडी पुतळा. पुतळ्याला शाप आहे. तो जो घरी नेईल त्याचा रात्री कोणीतरी मुडदा पाडतो. मध्ये मध्ये ढोल वाजतात, मेणबत्त्या थरथरतात, आणि शेवटी एक काळी म्हातारी बाहुलीत टाचण्या खुपसून कुठल्याशा जुन्या अन्यायाचा सूड उगवते. अन्याय कोणता, हे सांगायला दिग्दर्शकाला सवड झालेली नाही. "सर, त्याला वूडू म्हणतात. हैती देशात करतात," असे त्या मुलाने मला सांगितले. हैती कुठे आहे, असे मी विचारले. त्याला सांगता आले नाही, आणि खरे बोलायचे तर नकाशावर बोट ठेवायला मलाही थोडा वेळ लागला.

त्यानंतर दोन-तीन महिने मी त्या बाहुलीचे कूळ शोधण्यात घालवले. कादंबरी अर्धवट राहिली; पण ती तशीही अडलीच होती.

पहिले आश्चर्य बाहुलीनेच दिले. तिचे माहेर हैतीत नाहीच. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मातीची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. ती गुडघे टेकून बसलेली आहे, हात पाठीमागे बांधलेले आहेत आणि अंगात काशाच्या १३ सुया टोचलेल्या आहेत. रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये सुमारे १७०० वर्षांपूर्वी ती एका मडक्यात घालून पुरलेली होती. सोबत शिशाचा एक लिहिलेला पत्रा होता. त्या पत्र्यावर कोणाच्या मरणाचे मागणे नाही. अमुक एका बाईला माझ्यावाचून चैन पडू नये, एवढेच एका प्रेमिकाचे मागणे आहे. पुढे युरोपात ही विद्या राजवाड्यांपर्यंत पोहोचली. १४४१ साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरची डचेस एलिनॉर कोबॅम हिच्यावर, सहाव्या हेन्री राजाचा मेणाचा पुतळा करून त्याच्या मरणाचा घाट घातल्याचा आरोप आला. आपल्याला मूल व्हावे म्हणून आपण उपाय केले, असे ती म्हणत राहिली. तिला हातात मेणबत्ती देऊन लंडनच्या रस्त्यांतून प्रायश्चित्ताला फिरवले आणि मग जन्मभर कैदेत ठेवले. तिला उपाय देणाऱ्या मार्जरी जोर्डमेन या बाईला जाळले. डचेसला कैद आणि जाणतीला चिता, हा न्याय कुठल्याही देशात ओळखीचा वाटेल. या साऱ्या काळात हैती नावाचा देश नव्हता आणि तिकडे एकही आफ्रिकन माणूस पोहोचलेला नव्हता. टाचण्यांची बाहुली ही गोऱ्यांच्या घरची. हैतीच्या उपासनेत तिला स्थान नाही. न्यू ऑर्लिन्सच्या दुकानांत प्रवाशांसाठी ती दोरीला टांगलेली असते, ती गोष्ट वेगळी.

मग आजीच्या नातवाप्रमाणे हैतीकडेच सगळ्यांच्या माना का वळाव्यात? त्यासाठी उसाच्या फडात शिरावे लागते.

वेस्ट इंडीजमधल्या एका मोठ्या बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा म्हणजे आजचा हैती. १४९२ च्या डिसेंबरात कोलंबस या बेटावर उतरला आणि पुढल्या दोन पिढ्यांत तिथले मूळचे ताइनो लोक रोगाने व वेठीने जवळजवळ नाहीसे झाले. १६९७ च्या तहाने हा हिस्सा फ्रान्सकडे आला. त्याचे नाव पडले सँ-दोमँग. फ्रेंचांनी तिथे ऊस लावला, कॉफी लावली आणि राबायला आफ्रिकेतून माणसे आणली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी, १७८९ मध्ये, या चिमुकल्या वसाहतीत सुमारे ५ लाख गुलाम होते आणि गोरे होते तीस-चाळीस हजार. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी इथून जात असे. गुलाम इतके मरत की अखेरच्या वर्षांत दरसाल तीस हजारांवर नवी माणसे जहाजांतून आणावी लागत.

आमच्या भागातल्या वाचकांना ऊस म्हणजे काय हे सांगायला नको. गुऱ्हाळाच्या चरकात बोट सापडलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला वेस्ट इंडीजच्या गुऱ्हाळांतली एक चाल लगेच समजेल. तिथे चरकापाशी एक कोयता टांगून ठेवीत. तो ऊस तोडण्यासाठी नव्हता. रात्रपाळीला पेंगुळलेल्या गुलामाचा हात चरकात ओढला गेला, तर तो वरच्या वर तोडायचा, म्हणजे माणूस वाचतो आणि चरकही थांबत नाही. या दोहोंत आधी काय वाचवायचे, हे मालकाला कोणी विचारीत नसे.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६८५ साली गुलामांसाठी कायदा केला. त्यात गुलामांना ख्रिस्ती बाप्तिस्मा देणे सक्तीचे होते, दुसऱ्या कोणत्याही धर्माची उघड उपासना करायला बंदी होती आणि निरनिराळ्या मालकांच्या गुलामांनी एकत्र जमणे हा गुन्हा होता. ज्यांची भाषा एक नाही, गाव एक नाही, अशा माणसांना एकत्र जमायलाही बंदी! पण माणसे जमलीच. दाहोमे राज्यातले फॉन, त्यांचे शेजारी योरुबा, दूर दक्षिणेचे कोंगो, असे सगळे आपापले देव उराशी धरून आले होते. फॉन भाषेत दैवी शक्तीला ‘व्होदून’ म्हणतात. त्यावरून या नव्या संकराच्या धर्माला हैतीत ‘व्होदू’ म्हणू लागले. ‘वूडू’ हा त्याचाच अपभ्रंश.

या धर्मात सर्वांवर एकच देव, बाँद्ये. फ्रेंचमधल्या ‘चांगला देव’ या शब्दांचेच हे रूप. पण तो फार दूरचा. रोजच्या सुखदुःखाला धावून येतात ते ल्वा, म्हणजे आपल्याकडच्या क्षेत्रदेवतांसारखे. त्यांत लेग्बा हा दाराचा राखणदार. कोणत्याही विधीत पहिली हाक त्याला. त्याने दार उघडल्याशिवाय बाकीचे येत नाहीत. गणपतीला आधी नमन करणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दांबाला हा सर्परूपी, शुभ्र, शांत, वडीलधारा. बाप्तिस्मा झालेल्या गुलामांनी हे देव संतांच्या चित्रांत पाहिले. किल्ल्या हाती धरलेला संत पीटर म्हणजे दार उघडणारा लेग्बा, पायाशी साप असलेला संत पॅट्रिक म्हणजे दांबाला. मालकाला वाटे, गुलाम काय भक्तीने मेणबत्ती लावतो आहे!

विधीच्या आरंभी पुजारी किंवा पुजारीण मुठीत मक्याचे पीठ घेऊन बोटांच्या चिमटीतून जमिनीवर सोडीत जाते आणि ज्या ल्वाला बोलवायचे त्याची आकृती काढते. तिला व्हेव्हे म्हणतात. मी तिची चित्रे पाहिली तेव्हा आधी वाटले, कोणी गोंधळाचा चौक भरला आहे. मग ढोल वाजतात आणि एखाद्या भक्ताच्या अंगात ल्वा येतो. आपण म्हणतो, वारे आले. ते म्हणतात, ल्वा स्वार झाला, आणि ज्याच्या अंगात आला तो त्याचा घोडा. दिवसभर ज्याच्या पाठीवर मालकाचा चाबूक बसे, त्याच्या पाठीवर रात्री देव बसे. उतरल्यावर त्याला काही आठवत नाही, हेही आपल्यासारखेच.

मालकांना भीती वाटायची ती या एकत्र जमण्याची. माकांदाल नावाचा एक पळालेला गुलाम डोंगरातून पुड्या आणि विष पाठवून मळेवाल्यांना मारतो, अशी एकच हाकाटी १७५० नंतरच्या काळात उठली. त्याचा एक हात उसाच्या चरकात गेला होता असे सांगतात. १७५८ च्या जानेवारीत त्याला चौकात जाळले. झटापटीत तो खांबापासून सुटला, गर्दीतून ‘माकांदाल वाचला’ अशी आरोळी उठली, आणि शिपायांनी त्याला पुन्हा आगीत टाकले. गोऱ्यांनी मरताना पाहिला, काळ्यांनी सुटताना पाहिला. मग ताइतासारख्या पुड्या बांधण्याविरुद्ध फर्मान निघाले.

१७९१ च्या ऑगस्टमध्ये बुआ कायमाँ नावाच्या रानात वादळी रात्री गुलामांचे म्होरके जमले. बुकमन त्यांचा पुढारी. एका पुजारिणीने काळे डुक्कर बळी दिले आणि सर्वांनी शपथ घेतली, असे परंपरा सांगते. हे प्रथम छापून आले ते १८१४ साली एका फ्रेंच डॉक्टरच्या लेखणीतून. त्यामुळे रानात नेमके काय झाले यावर इतिहासकार अजून वाद घालतात. परंतु २२ ऑगस्टच्या रात्री उत्तरेकडचे मळे पेटले, याबद्दल वाद नाही. उसाचे फड दिवसच्या दिवस जळत राहिले. बुकमन त्याच वर्षी मारला गेला. त्याचे मुंडके शहरात मांडून ठेवले. पण आग विझली नाही.

पुढची १२ वर्षे हा मोठा इतिहास आहे आणि त्याला स्वतंत्र लेख हवा. तुसाँ लूव्हर्त्यूर हा एकेकाळचा गुलाम सेनापती झाला, फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रज अशा तिघांशी लढला आणि शेवटी दगा होऊन आल्प्सजवळच्या थंडगार किल्ल्यात १८०३ साली कैदेत मेला. नेपोलियनने स्वतःच्या मेहुण्याबरोबर पाठवलेले प्रचंड सैन्य लढाईने आणि पीतज्वराने संपले. १ जानेवारी १८०४ रोजी देसालिनने स्वातंत्र्य पुकारले आणि देशाला ताइनो लोकांचे जुने नाव परत दिले: हैती, डोंगरांचा देश. गुलामांनी बंड करून स्वतःचे राष्ट्र उभारल्याचे जगाच्या इतिहासात हे एकच उदाहरण. देसालिनने नंतर मागे उरलेल्या फ्रेंचांची कत्तल करविली, हेही इथेच सांगितले पाहिजे. आणि गंमत अशी की तुसाँनेही सत्ता हाती येताच रात्रीच्या व्होदू मेळ्यांवर बंदी घातली होती. ढोल कोणत्याच सरकारला आवडत नाहीत.

जगाने या देशाला क्षमा केली नाही. १८२५ साली फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने १४ लढाऊ जहाजे पाठवून १५ कोटी फ्रँकची मागणी केली. कशाबद्दल? मळेवाल्यांचे जे नुकसान झाले त्याबद्दल. आणि त्या नुकसानीत खुद्द गुलामांची किंमतही धरलेली होती. म्हणजे ज्याने बेडी तोडली त्यानेच बेडीची किंमत भरायची! १८३८ मध्ये ही रक्कम एकूण ९ कोटींवर आणली, पण ती भरायला काढलेली कर्जे फिटायला १९४७ साल उजाडले. मी वर्गात हे सांगितले तेव्हा शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मुकादमाच्या उचलीसारखं?" ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल, ती फिटता फिटत नाही. मी हो म्हटले.

१९१४ च्या डिसेंबरात अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतले ५ लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले आणि १९१५ च्या जुलैत ते स्वतःच येऊन बसले. हा अंमल १९३४ पर्यंत टिकला. रस्ते बांधायला त्यांनी वेठबिगारीचा जुना कायदा उकरून काढला. त्याविरुद्ध उठलेल्या शार्लमान्य पेराल्त या पुढाऱ्याला १९१९ साली ठार करून त्याचे प्रेत एका दारावर बांधले, त्याचे छायाचित्र काढले आणि लोकांना धाक बसावा म्हणून त्याच्या प्रती वाटल्या. झाले उलटेच. दाराला टेकलेला तो उघडा देह लोकांना क्रुसावरच्या येशूसारखा दिसला.

वूडूची चित्रपटी भुते जन्मली ती याच अमलात. १८८४ मध्ये स्पेन्सर सेंट जॉन या इंग्रज मुत्सद्द्याने पुस्तक लिहून हैतीतल्या नरभक्षणाच्या कहाण्या युरोपभर नेल्याच होत्या. १९२९ साली विल्यम सीब्रुक या अमेरिकन पत्रकाराचे ‘द मॅजिक आयलंड’ निघाले. त्यात थडग्यातून उठवून उसाच्या फडात राबवल्या जाणाऱ्या मुडद्यांची हकिकत होती. ते ‘झोंबी’. तीनच वर्षांत, १९३२ मध्ये, हॉलिवूडने ‘व्हाइट झोंबी’ काढला आणि आदल्या वर्षी ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी त्यात मांत्रिक झाला.

झोंबीचे नाव आजच्या पोरांना मारुतीच्या नावाइतके पाठ आहे. पण त्यांचा झोंबी माणसे खातो. तो फार अलीकडचा. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या चित्रपटानंतरचा. हैतीचा झोंबी कोणाला खात नाही. तो बिचारा काम करतो. हैतीच्या माणसाला झोंबीची भीती वाटत नाही, आपण झोंबी होऊ याची वाटते. मेल्यावर तरी सुटका होईल, ही गुलामाची शेवटची आशा. कोणी मांत्रिकाने मेल्यावरही उठवून पुन्हा फडात जुंपले तर? ज्यांच्या आज्या-पणज्या चरकापाशी मेल्या, त्यांनाच सुचेल अशी ही भीती आहे. ‘व्हाइट झोंबी’त एक दृश्य आहे. साखरेच्या गिरणीत झोंबी टोपल्या वाहत आहेत, एक जण तोल जाऊन चरकात पडतो, आणि चरक फिरतच राहतो. दिग्दर्शकाला ते अंगावर काटा आणण्यासाठी हवे होते. त्याच्या नकळत तो सँ-दोमँगचा इतिहास दाखवून गेला.

लोक असेही सांगतात की झोंबीला मिठाचा कण चाखायला मिळाला तर तो भानावर येतो आणि आपल्या थडग्याकडे चालू लागतो. म्हणून मालक त्याला अळणी जेवण घालतो. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागावे लागते. त्यांच्याकडे मीठ खाल्ले की जाग येते.

बाकीच्या देवांचेही तेच झाले. १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या प्रसिद्ध चित्रपटात एक खुनी मरताना मंत्र म्हणून आपला जीव दुकानातल्या बाहुलीत घालतो, आणि मग ती बाहुली सुरा घेऊन फिरते. त्या मंत्रात हाक कोणाला आहे? दांबालाला. सापाच्या रूपातल्या त्या शुभ्र, शांत देवाला! उद्या कोणी खुन्याच्या तोंडी आपल्या शेषशायीचे नाव घालावे, तसे हे आहे.

हा नुसता पडद्यावरचा खेळ राहिला असता तर मी इतके लिहिले नसते. १९४१ मध्ये हैतीत अंधश्रद्धेविरुद्ध मोहीम म्हणून देवघरे मोडली आणि ढोलांच्या होळ्या केल्या. २००३ साली व्होदूला तिथे धर्म म्हणून सरकारी मान्यता मिळाली. पण २०१० च्या जानेवारीत भूकंपाने राजधानी जमीनदोस्त झाली, तेव्हा एका अमेरिकन धर्मोपदेशकाने दूरचित्रवाणीवर सांगितले की या लोकांनी स्वातंत्र्यासाठी सैतानाशी करार केला होता. त्याच वर्षी पटकी पसरली, आणि तुम्हीच ती जादूने आणली म्हणून चाळीसहून अधिक पुजारी-पुजारिणींना जमावांनी ठेचून मारले. मारणारे हैतीचेच होते. बाहेरून आलेली गोष्ट पुष्कळ दिवस सांगत राहिली की घरातलेही ती खरी मानू लागतात.

आता त्या शापित पुतळ्याविषयी. कोंगोकडे खिळे ठोकलेल्या लाकडी मूर्ती असत, त्यांना ‘एन्किसी’ म्हणतात. केवळ कोणाला इजा करायला ते खिळे नव्हते. दोन घराण्यांचा तंटा मिटला, करार झाला, शपथ घेतली, की मूर्तीपुढे एक खिळा ठोकीत. आपण कागदावर अंगठा उठवतो, तसे. गावाचे सगळे दप्तर त्या मूर्तीच्या अंगावर. बोमा इथल्या ने कुको नावाच्या सरदाराची अशी एक मूर्ती १८७८ साली देलकोम्यून या बेल्जियन व्यापाऱ्याने हल्ला करून नेली. सरदाराने ती परत मागितली. मिळाली नाही. ती ब्रुसेल्सजवळच्या तेर्व्हुरेन संग्रहालयात गेली. खिळे पाहून युरोपियन प्रेक्षकाला आपल्याच घरची मेणाची बाहुली आठवली असेल, तर नवल नाही.

शापित वस्तूंच्या गोष्टी मी तरुणपणी चवीने वाचल्या आहेत. विल्की कॉलिन्सच्या १८६८ च्या ‘द मूनस्टोन’मधला हिरा १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत एक इंग्रज खून करून नेतो, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या १९०२ च्या कथेतला माकडाचा पंजा भारतातल्या एका फकिराने मंतरलेला आणि पलटणीतल्या माणसाने तिकडे नेलेला. तेव्हा मला अभिमान वाटे, की पाहा, आपल्या देशाच्या वस्तूंत केवढे सामर्थ्य! आता वेगळे वाटते. शाप नेहमी नेलेल्या वस्तूलाच असतो. विकत घेतलेल्या, पावती असलेल्या वस्तूला शाप लागल्याची कथा माझ्या वाचनात नाही. चोराच्या मनातले चांदणे म्हणतात ते हेच. त्याने ते पुतळ्याच्या डोळ्यांत पाहिले.

व्होदूच्या मूळ देशातही हेच झाले. १८९२ मध्ये कर्नल दॉद्सच्या फ्रेंच फौजेने दाहोमेची राजधानी आबोमे घेतली आणि राजवाड्यातली सिंहासने, दरवाजे, राजांचे पुतळे पॅरिसला नेले. एक राजा अर्धा सिंह, एक अर्धा शार्क मासा, अशा त्या भव्य मूर्ती. राजा बेहांझिनला मार्तिनिक बेटावर हद्दपार केले. २०२१ च्या नोव्हेंबरात यांतल्या २६ वस्तू विमानाने आजच्या बेनिन देशात परत आल्या. त्यावर माती दिओप या बाईंनी ‘दाहोमे’ नावाचा चित्रपट काढला. २०२४ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला पहिले पारितोषिक मिळाले. त्यात गेझो राजाचा पुतळा खोक्यातल्या अंधारात फॉन भाषेत बोलतो. सूड घेत नाही, कोणाचा गळा चिरीत नाही. त्याची तक्रार एवढीच, की मला नावाने न ओळखता २६ हा आकडा दिला.

त्याच वर्षी जुलैत लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याला आली. हीच ती महाराजांची का, यावर जाणकारांत वाद आहे. दिवाळीनंतरच्या सहलीत आम्ही मुलांना ती दाखवायला नेली. मुलांना वाद माहीत नव्हता. ती तीन वर्षांनी परत द्यायची आहेत, एवढे कळल्यावर मात्र बसमध्ये बराच वेळ कोणी गाणे म्हटले नाही.

असो. नवरात्रात एका संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. आधीच जायला हवे होते. ओसरीवर त्याच्या आईबापांची गाठोडी बांधून ठेवलेली होती. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर यायचा होता. म्हातारी घटापाशी बसली होती. माझी चूक झाली, असे मी तिला म्हणालो. तिने ते ऐकले न ऐकले केले आणि नातवाकडे पाहून म्हणाली, "हा सांगत होता, सातासमुद्रापल्याड बी अंगात येतं म्हनून. खरं का गुर्जी?" मी तिला सारे सांगितले: लेग्बाला पहिली हाक, पिठाचा चौक, घोडा आणि स्वार. ती मान हलवीत राहिली. सर्पदेवाचे नाव निघाले तेव्हा तिने हात जोडले आणि विचारले, "त्याला निवद काय अस्तो?"

"पांढऱ्या पिठाच्या ढिगावर ठेवलेलं एक अंडं."

म्हातारी थोडा वेळ विचारात पडली. "कच्चं का उकडल्यालं?"

"कच्चं."

"हां," ती म्हणाली, "सापाचा देव म्हनल्यावर कच्चंच आसंल," आणि घटाच्या दिव्याची वात पुढे सारायला उठली.